विलायतेत जिंकलेली माझी एकमेव केस

आमच्या लॉ स्कूलच्या प्रमुखांनी मला खोलीत बोलावलं, तेव्हा माझ्या करारातली कुठली कलमं माझ्या बाजूची आहेत ते आठवत मी जिने चढले. तशी वेळ नव्हती. त्यांच्याकडे एक पाहुणी यायची होती. अमेरिकेतल्या नवाहो या मूळ रहिवाशांच्या स्वतःच्या कोर्टात तीस वर्षं न्यायाधीश होती, आता निवृत्त, आणि एक टर्म आमच्याकडे शिकवणार होती. तिची सोय बघायला कोणीतरी हवं होतं. "मला वाटलं, तुमचं दोघींचं छान जमेल," ते म्हणाले. का जमेल ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण त्यांनी खरं उत्तर दिलं असतं तर त्या बिचाऱ्यांना एचआरच्या ट्रेनिंगला पुन्हा बसावं लागलं असतं. मी आनंदाने हो म्हटलं. सात-दशांश नोकरी असलेल्या माणसाला सगळं आनंदानेच करावं लागतं.

सात-दशांश म्हणजे काय ते सांगते. पुण्यात मी दिवाणी कोर्टात चौदा वर्षं वकिली केली. नवऱ्याला बँकेने एडिनबराला पाठवलं, मागोमाग मी आले, आणि आल्यावर कळलं की माझी चौदा वर्षं विमानतळावरच काढून घेतलेली आहेत. परीक्षा परत द्या, ट्रेनिंग परत करा, मग बघू. आधी मुलगी लहान होती, मग नवऱ्याचं प्रमोशन आलं, मग माझी चाळिशी आली. शेवटी लॉ स्कूलने मला 'लीगल स्किल्स' शिकवायला घेतलं. म्हणजे अठरा वर्षांच्या मुलांना सांगायचं की अर्जावर तारीख घाला, पानांना नंबर द्या, आणि जुन्या काळच्या लांबलचक इंग्रजीत लिहून न्यायाधीशाला छळू नका. आठवड्यातले साडेतीन दिवस मी हे सांगते. उरलेल्या दीड दिवसात मी कोण असते, ते करारात लिहिलेलं नाही.

न्यायाधीशबाई सप्टेंबरात आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, ठेंगण्या, केसांचा अंबाडा पांढऱ्या लोकरीच्या दोऱ्याने घट्ट बांधलेला. मी जोरात हात मिळवायला गेले, तर त्यांनी तळहाताला नुसता हलकेच तळहात लावला. इकडच्या नोकरीसाठी मी आरशासमोर उभी राहून ठाम हस्तांदोलनाचा सराव केला होता, तो सगळा वाया गेला. ट्रामच्या खिडकीतून शहराबाहेरच्या शेतातल्या मेंढ्या दिसल्या तेव्हा त्या पहिल्यांदा आपणहून बोलल्या. "लोकर बरी आहे," त्या म्हणाल्या, "पण फार आळशी वाटतात." मी मान डोलावली. मेंढ्यांवर मत देण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

आमच्या शाळेने त्यांचा विषय शुक्रवारी दुपारी तीन ते पाच ठेवला होता. एडिनबरात शुक्रवारी तीन वाजता विद्यार्थी कुठे असतात ते पबवाल्यांना विचारावं. पण त्यांना नवल वाटलं नाही. "मी चार लॉ स्कूलांत शिकवलंय," त्या म्हणाल्या, "सगळीकडे शुक्रवार दुपारच."

पहिल्या दिवशी प्रमुखांनी त्यांची ओळख करून दिली, म्हणजे त्यांचा बायोडेटा मोठ्याने वाचला. पदव्या, समित्या, निकाल, पुरस्कार. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, आणि प्रमुख खाली बसल्यावर उठून स्वतः ओळख करून दिली. आधी आईचं कूळ, कारण त्यांच्यात मूल आईच्या कुळाचं असतं. मग वडिलांचं, मग आईच्या वडिलांचं, मग वडिलांच्या वडिलांचं. चार कुळं सांगितली आणि म्हणाल्या, "ही मी. मघाशी ऐकलंत ते माझं काम." त्यांच्याकडे दोन अनोळखी माणसं भेटली की आधी हे सांगतात, म्हणजे नातं लागतं का ते कळतं, आणि नातं लागलं की वागायचं कसं तेही कळतं. मग त्यांनी वर्गाला विचारलं, तुम्ही कोणाचे? ज्यांच्या आजोबांच्या किल्टवर कुळाचा चौकडा मिरवतो, ती स्कॉटिश मुलंसुद्धा बुटांकडे बघायला लागली. लग्नात मिरवलं तर कूळ, वर्गात विचारलं तर मागासलेपणा.

माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि बी.ए., एलएल.एम., पुणे, चौदा वर्षं दिवाणी, असं सगळं भडाभडा सांगितलं. जी बाई इथल्या कुठल्याही मराठी माणसाला दोन मिनिटांत गाव, माहेर आणि मामाचं आडनाव विचारून मोकळी होते, तिला स्वतःबद्दल एवढंच सुचलं. न्यायाधीशबाई थोडं थांबून म्हणाल्या, "चौदा वर्षं. बरीच झाली." एवढंच. पण या देशात ती वर्षं मोजणारं ते पहिलं माणूस होतं, आणि मला तिथल्या तिथे रडू यायला लागलं. मी खाली बसून पानांना नंबर दिले.

त्यानंतर आमचे एक सहकारी उठले. ते स्कॉटलंडचा मालमत्ता कायदा शिकवतात, आणि त्याला चुकून कोणी इंग्लंडचा कायदा म्हटलं तर त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबतात. छोट्या राष्ट्राचा वेगळा कायदा ही काय चीज असते, यावर ते तासभर बोलू शकतात. त्यांनी गोड हसून विचारलं, "हे सगळं फारच इंटरेस्टिंग आहे, पण हा खराखुरा कायदा म्हणता येईल का?"

न्यायाधीशबाई गप्प राहिल्या. नुसत्या दोन सेकंद नव्हे, चांगल्या लांब. त्यांच्या कोर्टात माणसाला उत्तर मनात पूर्ण तयार होईपर्यंत वेळ देतात, मध्ये कोणी तोंड घालत नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांना ही शांतता सहन होत नाही. सहकाऱ्यांनी घसा खाकरला, घड्याळ पाहिलं, स्वतःच दोन सॉरी म्हणून टाकले. मग त्या म्हणाल्या, "एका बाईची मेंढरं शेजाऱ्याच्या कुत्र्याने मारली होती. ती माझ्याकडे आली. तिने हा प्रश्न विचारला नाही."

पुढे विद्यार्थ्यांच्या फीडबॅक फॉर्मवर एकाने लिहिलं की मॅडम बोलताना फार थांबतात, याचा व्हिडिओ दीडपट वेगाने बघता येईल का.

शुक्रवारच्या तासानंतर आम्ही दोघी कँटीनमध्ये चहा घ्यायचो आणि त्या तुकड्या-तुकड्याने स्वतःचं सांगायच्या. लहानपणी त्यांना सरकारी बोर्डिंग शाळेत पाठवलं होतं. तिथे घरची भाषा बोललं की साबणाने तोंड धुवायचे. त्याच भाषेच्या जोरावर पुढे त्यांना कोर्टात दुभाष्याचं काम मिळालं. साक्षीदार काय म्हणाला आणि कागदावर काय उतरलं, यातला फरक रोज बघून त्या लॉ स्कूलला गेल्या. तिथे त्यांच्या लोकांपैकी त्या एकट्याच. एका प्राध्यापकांनी प्रेमाने सल्ला दिला की टॅक्सचा कायदा शिका, पोटापाण्याला बरा. त्या घरी परतल्या आणि फिरत्या घरासारख्या पत्र्याच्या खोलीत भरणाऱ्या कोर्टात बसायला लागल्या. तिथे खटला घरच्या भाषेत चालायचा. न्यू यॉर्कचा मोठा वकील जरी आला, तरी त्याला आधी त्यांची परीक्षा द्यावी लागायची.

"परत द्यावी लागते?" मी विचारलं. "सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

तो चहा मला फार चविष्ट लागला.

याच गप्पांत त्यांनी मला त्यांच्या समेटाच्या पद्धतीबद्दल सांगितलं. ती जुनीच, पण त्यांच्या पिढीने ती पुन्हा कोर्टात आणून बसवली. भांडणाऱ्या दोघांना ज्याचं ऐकावंच लागेल असं एक माणूस मध्ये बसतं. ते निकाल देत नाही. ज्यांना-ज्यांना झळ पोचली ते सगळे बोलतात, ज्याचं त्याने स्वतः बोलायचं. शेवटी प्रश्न एकच असतो, दुखावलेलं माणूस परत नीट व्हायला काय लागेल.

"आणि वकील?" मी विचारलं.

"वकील चालत नाहीत."

मला हे जरा लागलं. मी म्हटलं, अहो, आमच्यातही स्वतःचा न्याय आहे बरं का. आणि मी माझी केस सांगितली.

इथे आमचं मराठी मंडळ आहे. साठेक कुटुंबं, आणि माझ्या हातची एक्केचाळीस कलमांची घटना. मंडळाची शनिवारची मराठी शाळा माझ्या एका मैत्रिणीने सुरू केली, एका चर्चच्या हॉलमध्ये. पंधरा-वीस मुलं येतात आणि 'तो खुर्ची, ती टेबल' करत का होईना, मराठी बोलतात. मागच्या वर्षी मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा एका सभासदाच्या घरी त्याच्या बायकोची आई मुक्कामाला आली होती. कराडकडच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, सगळे त्यांना काकू म्हणायचे. मैत्रिणीने शाळा त्यांच्या हाती दिली. मुलं त्यांच्यावर खूश होती. पण मुलांबरोबर काम करणाऱ्याची इथे आधी सरकारी तपासणी व्हावी लागते, त्याला पीव्हीजी म्हणतात, आणि काकूंचा पीव्हीजी झाला नव्हता. एका पालकाने हे माझ्या कानावर घातलं.

मी तक्रार लिहिली. अकरा पानं, परिशिष्ट ए ते एफ. कलम चौदा, कलम बावीस, पाहुण्यांच्या व्हिसाचे नियम, विश्वस्तांची जबाबदारी, मुलांची सुरक्षितता. हॉलच्या कपाटाची किल्ली परत करावी यासाठी स्वतंत्र परिशिष्ट. सभेत पाऊण तास बोलले, मधे पाणीसुद्धा प्यायले नाही. मैत्रिणीला शाळेवरून दूर करण्याचा ठराव बहुमताने पास झाला. लोक येऊन म्हणाले, वहिनी, काय जबरदस्त ड्राफ्टिंग आहे हो तुमचं. त्याला तेव्हा दहा महिने झाले होते. त्या सभेपासून आम्ही दोघी बोललो नव्हतो, आणि डिसेंबरमध्ये ती लंडनच्या एजवेअरला लेकीकडे कायमची राहायला चालली होती, नातवाला सांभाळायला. हे शेवटचं मी चहाचा घोट घेता-घेता, बातमी सांगावी तसं सांगितलं.

न्यायाधीशबाई कपाकडे बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "ती तुमची कोण?"

"मंडळाच्या शाळेची माजी प्रमुख."

त्या काहीच बोलल्या नाहीत. ही शांतता मी वर्गात इतरांवर पडताना बघून गालात हसायचे.

"मैत्रीण," मी म्हटलं. तरी त्या गप्पच. मग मीच सांगत गेले. माझी आई पुण्यात गेली तेव्हा करोनामुळे विमानं बंद होती. आईला मी फोनच्या पडद्यावर जाताना पाहिलं. कोणी कोणाच्या घरात जायचं नाही असा तेव्हा नियम होता, आणि नियम म्हणजे मला जीव की प्राण. मैत्रीण घरात आली नाही. तेरा दिवस ती रोज यायची, दारात डबा ठेवायची, आणि समोरच्या दगडी कठड्यावर छत्री घेऊन तासभर बसायची. मी खिडकीच्या आत, ती बाहेर. आम्ही फार बोलायचोही नाही. तेराव्या दिवशी तिच्या डब्यात पुरणपोळी होती, माझ्या आईच्या पद्धतीची, जायफळ जास्त घातलेली. मी कधीतरी बोलून गेले असेन, ते तिने लक्षात ठेवलं होतं.

"आणि शिकवणाऱ्या बाईंना हे सगळं कोणी सांगितलं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"कमिटीने कळवलं असेल."

"तुम्ही?"

अकरा पानांत मी काकूंचा उल्लेख 'सदर व्यक्ती' असा नऊ वेळा केला होता. त्यांच्याशी मी एकदाही बोलले नव्हते.

पुढच्या शुक्रवारी मी न्यायाधीशबाईंनाच गळ घातली, तुम्हीच मध्ये बसा. एवढा तीस वर्षांचा अनुभव फुकट मिळत होता. त्यांनी साफ नकार दिला. "इथे माझं कोणी नाही," त्या म्हणाल्या. "उद्या मी विमानात बसून जाणार. माझं ऐकलं काय, न ऐकलं काय. तुम्हा दोघींना जिच्यासमोर खोटं बोलता येणार नाही अशी कोणी शोधा."

अशी एकच होती. काकू ऑक्टोबरात परत आल्या होत्या. मी त्यांच्या लेकीकडे गेले तेव्हा त्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. मी सोबत अजेंडा छापून नेला होता. एक, स्वागत. दोन, उभय पक्षांचं निवेदन, प्रत्येकी पाच मिनिटं. तीन, चर्चा. चार, ठराव. पाच, आयत्या वेळचे विषय. चष्मा लावून त्यांनी तो नीट वाचला, एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि घडी घालून मला परत दिला. "मी येते," त्या म्हणाल्या. "हा कागद मात्र घरी ठेवा."

मैत्रिणीला मी मेसेज पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं, "शनिवारी अकरा. घरात बॉक्सेस आहेत, बसायला जागा नाही."

खरंच नव्हती. सोफा गेला होता, भिंतींवर फोटोंचे चौकोन उमटले होते. मैत्रिणीने दार उघडलं आणि आधी माझ्या हातांकडे पाहिलं. "लीगल नोटीस आणली नाहीस? अगं, मला वाटलं फेअरवेल गिफ्ट म्हणून देशील."

"नाही आणली."

"मग ये. काकू, तुम्ही या खुर्चीवर बसा, ही एकच उरलीय. वी विल मॅनेज."

आम्ही दोघी पुस्तकांच्या खोक्यांवर बसलो. मी वाट बघत होते की काकू भांडणाला हात घालतील. त्यांनी आधी विचारलं, तुमचं माहेर कुठलं, आई कुठली. कराडची बाई, त्यांना हे लॉ स्कूलमध्ये शिकावं लागलं नव्हतं. पाच मिनिटांत त्यांनी शोधून काढलं की माझी एक मावसबहीण सातवीत त्यांच्या वर्गात होती आणि गणितात कच्ची होती. मैत्रिणीच्या सासरचं कोणीतरी त्यांच्या दिरांच्या शेजारी निघालं. तेवढ्यात त्या आम्हा दोघींना तू म्हणायलाही लागल्या होत्या, आणि आम्ही खोक्यांवर सरळ पाठीने बसलो होतो.

मग त्या म्हणाल्या, "मला एक विचारायचंय. दोघींना. मागच्या वर्षी माझं नेमकं काय चुकलं?"

मैत्रीण म्हणाली, "काकू, तुमचं काही—"

"थांब. मला आधी सांगितलं, हॉल दुरुस्तीला काढलाय. मग सांगितलं, मुलांच्या परीक्षा आहेत. मग जावई नुसतंच म्हणायला लागले, आज नाही आई. मी दर शनिवारी तयार होऊन बसायचे, पर्स मांडीवर घेऊन. वहीत पुढचे सहा पाठ काढून ठेवले होते. त्या आधीच्या शनिवारी एका मुलीला मी तिचं वाक्य दोनदा सुधारायला लावलं होतं आणि तिच्या डोळ्यात पाणी आलं होतं. मला वाटलं, तिच्या आईवडिलांनी तक्रार केली असणार. छत्तीस वर्षं शिकवलं, कधी पोर रडवलं नाही. मग कराडला परत गेले. घरी शेजारची मुलं यायची माझ्याकडे, संध्याकाळी अभ्यासाला. त्यांना सांगितलं, आता नका येऊ. म्हटलं, आपल्याला कळत नाही आता. वय झालं की कळत नाही, आणि लोक तोंडावर सांगत नाहीत."

त्या एवढं बोलून थांबल्या आणि साडीचा पदर नीट केला.

मी तोंड उघडलं. माझ्या तोंडून "टेक्निकली" एवढा एक शब्द बाहेर पडला. मैत्रिणीने माझ्याकडे पाहिलं. मला कँटीनमधला तो कप आठवला आणि मी तोंड मिटलं. खाली रस्त्यावर बस थांबली, निघून गेली. ती माझीच बस. मी रोज कामाला तिनेच जाते, ती मैत्रिणीच्या दारावरूनच जाते. दुसरी बसही गेली. चौदा वर्षांत मी कोर्टात कोणालाही एवढा वेळ मिळू दिला नव्हता.

"तुमचं काही चुकलं नाही," मी शेवटी म्हटलं. "एक फॉर्म भरायचा राहिला होता. तो कोणालाही भरता येतो. पाहुण्याच्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथे महिनाभरापर्यंत असं विनामोबदला काम करता येतं, तेही मला माहीत होतं. तक्रारीत मी ते लिहिलं नाही. काय लिहायचं नाही ते वकिलाला बरोबर कळतं. या देशात मला कोणी वकील समजत नाही. मंडळात समजतात. मला एक केस हवी होती. हातात आली ती तुमची आली."

हे मराठीत बोलले म्हणून बोलता आलं. इंग्रजीत मी त्याचंही परिशिष्ट केलं असतं.

मैत्रीण बराच वेळ खोक्यावरची चिकटपट्टी नखाने सोलत होती. "फॉर्म तुझ्याकडे होता?"

"लिंक होती. लॅपटॉपवर."

"म्हणजे यू जस्ट हॅड टू फॉरवर्ड इट." ती हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "मी तीन महिने कमिटीला सॉरी म्हणत होते. मला वाटलं मी मुलांच्या सेफ्टीशी खेळले. मला झोप नव्हती अगं. माझ्या लेकीला वाटलं, आई डिप्रेशनमध्ये गेलीय, म्हणून ती मला घेऊन चाललीय. नातू आहेच, पण रिअली त्यासाठी."

मला हे माहीत नव्हतं. मी तिला हात लावायला गेले तर तिने हात मागे घेतला नाही, पुढेही केला नाही.

काकूंनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. वर्गात पोरांची मारामारी मोडल्यावर बाई बघतात तशा. मग मला म्हणाल्या, "लॅपटॉप आणलायस?"

"हो." तो माझ्या पिशवीत असतोच.

"मग भर."

मैत्रिणीने चहा ठेवला. मी फॉर्म उघडला आणि काकूंना एकेक प्रश्न विचारत गेले. जन्मतारीख, जन्मगाव, लग्नाआधीचं नाव, आतापर्यंतचे पत्ते. 'सदर व्यक्ती'ला माहेरचं नाव होतं, ते फार सुंदर होतं, आणि चाळीसेक वर्षांत ते त्यांना कोणी विचारलं नव्हतं. ते उच्चारताना त्या जराशा लाजल्या. आता तो फॉर्म सरकारकडे जाणार, मंडळाची सही लागणार, भारतातलं काहीतरी प्रमाणपत्र लागणार, काही आठवडे जाणार. पण आमच्या बाजूचं काम संपलं. मैत्रिणीने केलेला चहा पिऊन व्हायच्या आत संपलं. तिने भिंतीवरून काढायच्या राहिलेल्या घड्याळाकडे पाहिलं. "ट्वेंटी मिनिट्स," ती म्हणाली.

निघताना तिने एका खोक्यातून हॉलच्या कपाटाची किल्ली काढली. मी परिशिष्ट लिहून मागितलेली ती किल्ली तिने दहा महिने दिली नव्हती. ती तिने काकूंच्या हातात ठेवली. मला म्हणाली, "डबा नेतेस का? पोहे केलेत. इथे टाकूनच जाईन नाहीतर." मी डबा घेतला. आमच्यात परत सगळं पहिल्यासारखं झालं, असं मी लिहिणार नाही. ती नऊ दिवसांनी एजवेअरला गेली.

न्यायाधीशबाईंचा शेवटचा शुक्रवार त्याच्या तीन दिवस आधी होता. प्रमुखांनी त्यांना लॉ स्कूलचं चिन्ह असलेला मग दिला आणि जाहीर केलं की पुढच्या वर्षी हा विषय 'रीव्ह्यू' केला जाईल. आमच्याकडे एखाद्याला मारायचं ठरलं की आधी त्याचा रीव्ह्यू करतात. कँटीनमध्ये त्यांनी त्याच मगमध्ये चहा घेतला, आणि मी त्यांना काकूंबद्दल, फॉर्मबद्दल, किल्लीबद्दल सगळं सांगितलं. मला वाटलं त्या शाबासकी देतील. मी अजूनही निकाल आपल्या बाजूने लागायची वाट बघत होते.

"फॉर्मला किती वेळ लागला?" त्यांनी विचारलं.

"वीस मिनिटं."

"आणि तक्रार लिहायला?"

"तीन आठवडे."

त्या गप्प राहिल्या. या वेळी मी ती शांतता भरायला गेले नाही. त्या तीन आठवड्यांत मी रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी बसने तिच्या दारावरून गेले होते. तिचा बसस्टॉप आला की मी मांडीवरचा मसुदा सरळ करायचे. खिडकीत दिवा असायचा. ऑपरेशन झालेला पाय उशीवर ठेवून ती खिडकीपाशीच बसलेली असायची, आणि माझी बस दिसली की हात वर करायची.

मी एकदाही उतरले नाही.